पाच ठेवल्या, सहा सापडल्या

सकाळी डोळे उघडले तेव्हा ऊन स्वयंपाकाच्या ओट्यावरून आत येत होतं, आणि मार्लिसला वाटलं आपण टेक्सासात आहोत. टेक्सासात ऊन त्याच बाजूने यायचं. मग तिने पडदा सारला. बाहेर दगडगोटे, काटेरी झुडपं, पलीकडे तपकिरी डोंगर आणि मध्ये जिकडेतिकडे उभ्या असलेल्या पांढऱ्या घरगाड्या दिसल्या. तिने स्वतःला सांगितलं, ॲरिझोना. क्वार्ट्झसाईट. जानेवारी.

यात तिला काही वावगं वाटलं नाही. अकरा वर्षं गाडीत राहिलेल्या माणसाची सकाळ अशीच उजाडते. घरातल्या माणसांची खिडकी जन्मभर एकाच दिशेला बघते. गाडी उभी करू तशी इथे पूर्व बदलते. मिनेसोटात शेतावर राहत होते तेव्हा मार्लिस डोळे मिटून गोठ्यापर्यंत जाऊन यायची. मागच्या दाराच्या चार पायऱ्या, तिसरीवर वर आलेला खिळा, मग फाटक. तो खिळा तिला अजून पायाखाली जाणवायचा. गेल्या आठवड्यात दूध कुठल्या गावात घेतलं ते मात्र विचारायची सोय नाही.

बाहेरून नवऱ्याची, ड्वेनची, हाक आली. "अगं मार्लिस, इथला नळ कुठे गेला?"

या वाळवंटात नळ नव्हता. कधीच नव्हता. सरकारी पडीक जमीन, हिवाळाभर राहू देतात एवढंच. पाणी गावाकडच्या टाकीवरून भरून आणायचं. अकरा हिवाळे ते इथेच येत होते.

ती दारात आली. ड्वेन गाडीच्या डाव्या बाजूला उभा होता. हातात रिकामी बादली, अंगात तोच जुना चौकटीचा शर्ट.

"नळ टेक्सासात होता," ती म्हणाली.

ड्वेनने बादलीकडे पाहिलं, मग डोंगराकडे. "खरंच की," तो हसला. "तिथे याच बाजूला होता बघ. हात सवयीने गेला."

आता याला काय म्हणायचं? कालच मार्लिसचा हात दिव्याच्या बटणासाठी दारामागच्या भिंतीवर गेला होता. तिथे बटण नाही. मागच्या गाडीत होतं, जी त्यांनी सहा वर्षांपूर्वी विकली.

पण नळाचं एकच असतं तर ती विसरून गेली असती. दहा दिवसांपूर्वी पाणी भरताना ड्वेनने पांढरीऐवजी नारिंगी नळी लावली होती. पांढरी नळी प्यायच्या पाण्याची. नारिंगी नळी मैल्याची टाकी धुवायची. घरगाडीत राहणारा माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण ही गोष्ट विसरणार नाही. नळ्यांना रंग ठरवून देणारा, त्यांच्यासाठी दोन वेगळे कप्पे करणारा ड्वेनच होता. मार्लिसने ब्लीच घालून टाकी तीनदा धुतली आणि कोणाला काही सांगितलं नाही. तेव्हापासून ती त्याच्या चुका मनात जमवत होती, आणि जितक्या जमत होत्या तितकं तिचं तिलाच कमी कळत होतं.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की सगळे उत्तरेला निघतात. अडतीस फुटांची गाडी, बारा टन वजन, मागे बांधलेली छोटी मोटार, आणि मध्ये डोंगरातले घाट. आजवर चाक ड्वेनच्या हातात. मार्लिस शेजारी बसून नकाशा बघायची. तिने ही गाडी कधी चालवली नव्हती. ड्वेनचं डोकं ठिकाणावर नसेल तर हे राहणंच संपलं. मिनियापोलिसला त्यांच्या मुलाने, केंटने, तळघरातली खोली रंगवून ठेवली होती. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, "आई, तू फक्त हो म्हण." त्या खोलीला एक खिडकी होती, छताजवळ. तिच्यातून बर्फ उपसायचा खोरा तेवढा दिसायचा.

त्या सकाळी नेमकी मार्लिसची शिकवणी होती. दर जानेवारीत ती नव्याने गाडीत राहायला आलेल्यांना गाडीच्या बाजूला ताणलेल्या कनातीखाली जमवून चार गोष्टी सांगायची. कोणी तिला नेमलं नव्हतं. एका वर्षी एका बाईला भांडी कशी घासायची ते दाखवलं आणि पुढच्या वर्षी नऊ जण खुर्च्या घेऊन आले.

"टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात ना, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका," ती सांगत होती. "आत कागद चिकटला की रिकामी टाकीसुद्धा पाऊण भरलेली दाखवते. आपण दिवसातून किती वेळा जातो ते मोजा, तोच खरा हिशेब. आणि मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवून बसू नका. पाणी निघून जातं, बाकीचं आत राहतं आणि त्याचा डोंगर होतो."

"मग तो डोंगर काढायचा कसा?" ओहायोहून आलेल्या टॅमीने विचारलं. चेहऱ्यावरून तिचा डोंगर झालेला दिसत होता.

"गरम पाणी, भांड्याचा साबण आणि खड्ड्यांचा रस्ता," मागून बर्नडेट म्हणाली. "आणि नवऱ्याला म्हणावं, कमी जेव."

सगळे हसले. बर्नडेटची गाडी चार ओळी पलीकडे होती. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, नवरा गेल्यावर एकटीच हिंडणारी, जिभेला हाड नसलेली बाई. सगळे तिला बर्नी म्हणत.

"भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा," मार्लिस पुढे म्हणाली. "नवी वस्तू आत आली की जुनी एक बाहेर गेली पाहिजे. गाडी सपाट उभी नसेल तर फ्रिज थंड होत नाही. वारा सुटायच्या आत कनात गुंडाळा. सुटल्यावर धावलात तर कनात शेजारच्या राज्यात सापडेल. आणि निघण्याआधी गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. दोघांनीही, वेगवेगळी."

"दोघांनी कशाला?" टॅमीच्या नवऱ्याने विचारलं.

"कारण माणूस विसरतो," मार्लिस म्हणाली, आणि तिने ड्वेनकडे बघायचं टाळलं.

मग विसरण्याच्या गोष्टींना ऊत आला. कोणी पायरी बाहेर ठेवून निघालं होतं आणि ती पेट्रोल पंपावर राहिली. एकाने तर बायकोच मागे ठेवली होती. ती मागे झोपली आहे समजून तो साठ मैल गेला आणि ती पंपावर आइस्क्रीम खात बसली होती. माणसं डोळे पुसत हसत होती. ड्वेनही हसत होता, सगळ्यांत मोठ्याने. मार्लिस एकेक गोष्ट ऐकत होती आणि मनात ड्वेनच्या एकेका चुकीशी जोडी लावत होती. प्रत्येकीला जोडीदार मिळाला. नळीला मात्र मिळाला नाही.

सगळे गेल्यावर तिने बर्नीला नळीचं सांगितलं.

बर्नी हसली नाही, यावरूनच मार्लिसला काय ते कळलं. "दवाखान्यात ने," बर्नी म्हणाली. "प्रश्न विचारतात, घड्याळ काढायला लावतात. माझ्या नवऱ्याला मी न्यायला उशीर केला."

"आणि काही नसलं तर?"

"तर तू मूर्ख ठरशील. त्याची सवय आहे तुला, अकरा वर्षं त्याला नकाशा वाचून दाखवतेस."

दवाखान्यात नेल्याबद्दल ड्वेनने कुरकुर केली नाही, हेही मार्लिसला विचित्र वाटलं. दवाखान्यातली परिचारिका तरुण होती. तिच्यापुढे कागद होता आणि कागदावर चौकोन.

"आज वार कोणता, मिस्टर स्टेनरूड?"

"मंगळवार."

परिचारिकेने काहीतरी लिहिलं. मार्लिसही मनात मंगळवारच म्हणाली होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गुरुवार होता.

"ऋतू कोणता?"

"तारखेने हिवाळा. कपड्यांनी उन्हाळा."

"आपण आत्ता कोणत्या राज्यात आहोत?"

"आत्ता उभे आहोत ते की राहतो ते?"

"म्हणजे?"

"उभे आहोत ॲरिझोनात. राहतो साउथ डकोटात. वाहन परवाना, मतदान, टपाल, सगळं तिकडचं."

"तिकडे घर आहे तुमचं?"

"नाही. एक रात्र राहिलोय तिथे. पाच वर्षांपूर्वी," ड्वेन म्हणाला. "तेवढं पुरतं."

परिचारिकेने मार्लिसकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. "हे खरं आहे," मार्लिस घाईने म्हणाली. "आम्हा बारमाही गाडीत राहणाऱ्यांचं असंच असतं. पत्ता लागतो म्हणून एक राज्य निवडायचं. तिथे टपालाची पेटी असते."

"बरं. मग राहत्या घराचा पत्ता सांगा."

"बाहेर, गाड्यांच्या रांगेमागे, चौथ्या झुडपापाशी," ड्वेन म्हणाला. "मार्चपर्यंत."

परिचारिकेने लेखणी उचलली आणि परत ठेवली. चौकोनात झुडूप बसत नव्हतं. "घड्याळ काढा," ती म्हणाली. "अकरा वाजून दहा मिनिटं."

"नदीच्या कुठल्या काठावरचे?"

नदीपलीकडे कॅलिफोर्निया, तिथे हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे असतं. पलीकडे भाजी आणायला जाणारा प्रत्येक जण हे विचारतो. पण परिचारिका नवीन होती. तिला हा सगळाच माणूस कुठूनतरी सुटून आलेला वाटत होता. ड्वेनने घड्याळ काढलं, काटे बरोबर लावले. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यांतले तीन आठवले. मार्लिसने कोपऱ्यात बसून स्वतः प्रयत्न केला. तिलाही तीनच आठवले, आणि ते त्याचे तीन नव्हते.

डॉक्टर वयस्क होते. कागद पाहून त्यांनी चष्मा काढला. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "हे प्रश्न घरात राहणाऱ्या माणसांसाठी केलेत. थोडं काही असेल, नसेलही. सहा महिन्यांनी परत या, म्हणजे फरक कळेल."

"सहा महिन्यांनी आम्ही मोन्टानात असू," मार्लिस म्हणाली.

"मग तिथल्या डॉक्टरांना दाखवा."

"ते पण हेच विचारतील. राज्य कोणतं म्हणून."

परत येताना छोटी मोटार तिनेच चालवली. ड्वेन खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता. मार्लिसला वाटलं, जाताना एक शंका होती, आता दोन झाल्या.

रात्रभर विचार करून सकाळी तिने एक गोष्ट ठरवली, जी तिने पन्नास वर्षांच्या संसारात कधी केली नव्हती. घरातल्या लोकांची परीक्षा आपल्याला लागू नसेल, तर आपली आपण घ्यायची. मैल्याची टाकी रिकामी करायला त्या दिवशी गाडी गावाकडे न्यायचीच होती. ड्वेन हात धूत होता तेव्हा तिने गाडीत पाच चुका पेरल्या. छतावरची झडप उघडी ठेवली. अँटेना वर. पायरी बाहेर. उजव्या मागच्या चाकाखाली एक ठोकळा. सामानाच्या कप्प्याची कडी अर्धवट. दुसऱ्याच्या घरात चोरी करत असल्यासारखी ती दबक्या पावलांनी फिरली. मग ती म्हणाली, "माझी फेरी झाली. तू मार."

ड्वेन निघाला. ती खिडकीतून बघत राहिली. तो सावकाश चालला, नेहमीसारखा, प्रत्येक चाकाला पायाने टोकत. ठोकळा काढला. कडी लावली. पायरी आत ढकलली. मग मागे सरकून कपाळावर हात धरून वर पाहिलं, आत आला, अँटेना उतरवली, झडप फिरवून बंद केली. तिला हसू येत होतं आणि रडूही. पाच. सगळ्या पाच. तळघराची खिडकी, खोरा, केंट, सगळे एकदम लांब गेले.

ड्वेन ओट्यापाशी वाकला आणि त्याने फ्रिजच्या दाराची कडी लावली. खट.

"किती ठेवल्या होत्यास?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

मार्लिस पडदा सारखा करू लागली. "कसल्या?"

"अगं, अकरा वर्षांत तू एकदा पायरी विसरली नाहीस. आज पायरी, अँटेना, ठोकळा, सगळं एकाच दिवशी? किती?"

"पाच," ती हळूच म्हणाली.

"मला सहा सापडल्या."

फ्रिजची कडी. ती तिने ठेवली नव्हती. ती कडी नेहमी मार्लिसच लावायची. पहिल्या वर्षी वाटेत दार उघडून अंडी फुटली, तेव्हापासून कडी लावताना ती तोंडाने 'अंडी' म्हणायची. आज विसरली होती. खरोखर विसरली होती. ती सोफ्यावर बसली. मग बिघडलंय कोण? याचं डोकं, माझं, की दोघांचं थोडं थोडं?

"तुला सगळ्या सापडल्या," ती म्हणाली. "म्हणजे तू ठीक आहेस."

ड्वेन तिच्यासमोर खुर्ची फिरवून बसला. "चुका शोधायला डोळे लागतात. ते आहेत माझे. आज डोकंही आहे." तो थांबला. "त्या दिवशी दोन्ही नळ्या माझ्या हातात होत्या. रंग दिसत होते. पांढरी आहे, नारिंगी आहे. पण पांढरी म्हणजे काय, तेच कळेना. कोणी परक्या भाषेत बोलावं तसं. मग कळलं. पण तोवर अर्धी टाकी भरली होती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू मोजत होतीस. मला वाटलं, मोजू दे. माझ्या चुकांचा माझाही आकडा तयारच होता. तुझ्यापेक्षा मोठा आहे."

बाहेर कोणाचा तरी जनरेटर सुरू झाला. डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही, सहा चुका सापडल्या म्हणजे माणूस शाबूत, आणि माणूस स्वतः म्हणतोय मी शाबूत नाही. कोणाचं धरायचं?

ड्वेनने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी नाही चालवणार. घाटात एखाद्या वळणावर ब्रेक म्हणजे काय ते कळलं नाही तर? बारा टन आहेत, मार्लिस. समोरून लोकांची पोरंबाळं येत असतात."

"म्हणजे केंटकडे जायचं?"

"असं कोण म्हणालं? गाडीला दुसरं माणूस आहे की." त्याने किल्ली तिच्याकडे सरकवली. "बर्नीला विचारलंय मी. म्हणते, चाळीस पोरांचा आरडाओरडा ऐकत बस चालवता येते, तर एका म्हाताऱ्याची बडबड ऐकत ही चालवायला काय झालं. मार्चपर्यंत शिकवते म्हणाली."

"बर्नीला? कधी?"

"मंगळवारी. म्हणजे दवाखान्यात मी म्हणालो तो मंगळवार असेल तर."

मैल्याची टाकी तर भरलेलीच होती, ती आजच रिकामी करायला हवी होती. तिचा दिवा खोटं बोलतो, पण मार्लिसची मोजणी खोटं बोलत नव्हती. ती चालकाच्या खुर्चीत बसली. पाय पोचेनात म्हणून ड्वेनने खुर्ची पुढे घेतली. समोरची काच एवढी मोठी होती की आपण दुकानाच्या काचेच्या कपाटात बसलोय असं तिला वाटलं. गाडी हलली. कपाटातल्या बश्या नेहमीसारख्याच खणखणल्या, पण आज तो आवाज तिच्या पाठीमागे होता आणि तिच्यामुळे होता. गावापर्यंतचे सहा मैल तिने इतके हळू काढले की एक सायकलवाला हात करून पुढे गेला.

खरी पंचाईत टाकी रिकामी करायच्या जागी आली. तिथलं भोक जमिनीत, आणि गाडीतल्या टाकीचं तोंड डाव्या बाजूला. गाडी तंतोतंत त्या बाजूने मागे घ्यावी लागते. अकरा वर्षं ड्वेन आत आणि मार्लिस बाहेर उभी राहून हातवारे करायची. त्यांचे हातवारे त्यांनीच ठरवलेले. तळहात डोक्यावर म्हणजे थांब, कोपर हलवलं म्हणजे शेपूट त्या बाजूला. आज ड्वेन बाहेर उतरला आणि तेच हातवारे करू लागला. आरशातून ते सगळे उलटे दिसत होते. त्याचं डावं की तिचं? त्या बाजूला म्हणजे गाडीचं शेपूट की हातातलं चाक? पहिल्यांदा गाडी कुंपणाकडे गेली. दुसऱ्यांदा कचऱ्याच्या पिंपाकडे.

मागे तीन गाड्या येऊन थांबल्या. एका माणसाने चक्क घडीची खुर्ची उघडली. कोणी गाडी मागे घेत असताना बघण्याइतकी करमणूक या लोकांना कशातच नाही.

"अहो आजी, दुसऱ्या बाजूला!" तो ओरडला.

"कुणाच्या दुसऱ्या?" मार्लिस खिडकीतून ओरडली.

"मला काय माहीत, मजा येतेय!"

तिसऱ्यांदा तिने चाक ड्वेनच्या कोपराच्या उलट फिरवलं, आणि गाडी सरळ मागे जायला लागली. इंचाइंचाने. आरशात ड्वेन दोन्ही हात हलवत मागे मागे चालत होता, केस उडालेले. मग आरसा रिकामा झाला.

मार्लिसने ब्रेक दाबला. आरशातला माणूस दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची, यावर या लोकांत दोन मतं नाहीत. पाय ब्रेकवर रोवून ती बघत राहिली. उजवा आरसा, डावा आरसा, परत उजवा. कुंपण, पिंप, मागच्या गाड्या. ड्वेन नव्हता. कुठे गेला? पडला? की आपण इथे कशाला आलोय तेच विसरून चालायला लागला? मागून भोंगा वाजला. तिने पाय हलवला नाही.

खिडकीवर टकटक झाली. ड्वेन खाली उभा होता, हातात टाकीची जाड नळी.

"अगं, थांबलीस का? चार फूट राहिलेत."

"तू दिसेनासा झालास."

"नळी काढायला वाकलो होतो. इथेच तर होतो."

"मला दिसायला हवास," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "नळी राहू दे. नळी मी उतरून लावीन. तू तिथे आरशात उभा राहा आणि हलू नकोस."

ड्वेनने नळी खाली ठेवली. तो मागे गेला, डाव्या आरशात आला, जरा सरकला, तिने मान हलवल्यावर थांबला. तिने गाडी परत मागे टाकली. चार फुटांचे तीन झाले, तीनाचे दोन. ड्वेनने तळहात डोक्यावर ठेवला, आणि हा हात डावा की उजवा हे कळण्याची या वेळी गरजच नव्हती.